चोक, कंडेन्सर आणि आपले जुने स्पीकर

(उत्सवातील दुपारच्या सत्रात झालेल्या भाषणाचा मजकूर. मंडळाच्या सूचनेवरून स्मरणिकेसाठी लिहून दिला आहे.)



दरवर्षी या सत्रात आरोग्य, गुंतवणूक, मुलांचे शिक्षण असे विषय असतात. यंदा मी स्पीकरच्या क्रॉसओव्हरवर बोलणार असे फलकावर लिहिले, तेव्हा एका वहिनींनी विचारले, "हे क्रॉसओव्हर म्हणजे रुळांचेच ना?" प्रश्न अगदी बरोबर आहे. रुळांवरही क्रॉसओव्हर असतो आणि स्पीकरच्या खोक्यातही असतो. दोघांचे काम एकच, ज्याला ज्या वाटेने जायचे त्याला त्या वाटेला लावणे.

हा विषय निवडण्याचे कारण सांगतो. आपल्यापैकी बहुतेक जण बदलीवर किंवा नोकरीनिमित्त मद्रासला, म्हणजे आताच्या चेन्नईला आलो. येताना सामानात पितळी समई आली, पुरणयंत्र आले आणि बऱ्याच घरांत दोन मोठे लाकडी स्पीकरही आले. कोणी ते पहिल्या बोनसमधून घेतले होते, कोणाला वडिलांकडून मिळाले. आता ते कोपऱ्यात आहेत आणि त्यांच्यावर मनीप्लँट आहे. मुले म्हणतात, "बाबा, टाकून द्या." दुकानदार म्हणतो, "टाकू नका, अपग्रेड करून देतो." या दोन सल्ल्यांच्या मध्ये माणूस सापडतो आणि पुष्कळदा पैसेही जातात व आवाजही जातो.

मी ध्वनितज्ज्ञ नाही. सिग्नल विभागात काम करतो आणि चोक, रिले, कंडेन्सर यांच्याशी रोजची गाठ आहे. त्या अनुभवाच्या जोरावर आज एकच गोष्ट पटवून द्यायची आहे. क्रॉसओव्हर म्हणजे जुळवलेला हिशेब आहे. त्यातला एक भाग बदलला की सगळ्या हिशेबाचे उत्तर बदलते. म्हणून सुटा भाग निवडताना आधी त्याचे मूल्य आणि रोध जुळवायचा. त्याची किंमत आणि त्यावरचे सोनेरी लेबल नंतर पाहायचे.

क्रॉसओव्हर काय करतो?

साध्या टू-वे स्पीकरमध्ये दोन भोंगे असतात. मोठा वूफर, तो खर्ज आणि मधले स्वर वाजवतो. छोटा ट्विटर, तो वरचे स्वर वाजवतो. तबल्यातला डग्ग्याचा घुमारा वूफरचा, आणि चाटीवरच्या "ना"ची किनार ट्विटरची. ट्विटरचा पडदा नाजूक असतो. त्याला खर्जाचा करंट मिळाला तर तो जळतो. वूफरला वरचे स्वर दिले तर तो ते नीट वाजवू शकत नाही. म्हणून आत एक छोटी पट्टी असते आणि तिच्यावर चोक, कंडेन्सर आणि रेझिस्टर जोडलेले असतात. चोक, म्हणजे तारेची कॉईल, खालच्या कंपनसंख्येला वाट देतो आणि वरच्या कंपनसंख्येला अडवतो. कंडेन्सर याच्या बरोबर उलट वागतो.

सिग्नल खात्यातल्या मित्रांना हे लगेच कळेल. आपल्या डी.सी. ट्रॅक सर्किटमध्ये एका टोकाला बॅटरी रुळांना काही व्होल्ट देते आणि दुसऱ्या टोकाला रिले असतो. गाडी आली की चाकांमुळे रूळ शॉर्ट होतात, रिले पडतो आणि सिग्नल लाल होतो. २५ के.व्ही. विद्युतीकरण झालेल्या मार्गावर त्याच रुळांतून इंजिनाचा ५० हर्ट्झचा करंटही परत जातो. तो बॅटरीच्या बाजूला शिरू नये म्हणून वाटेत चोक बसवतात. त्याचा डी.सी.ला रोध सुमारे ३ ओहम, पण ५० हर्ट्झच्या ए.सी.ला तो सुमारे १२० ओहम इतका अडथळा करतो. एकाला दार उघडे, दुसऱ्याला बंद. स्पीकरमधला चोक हेच काम करतो, फक्त त्याची सीमारेषा ५० हर्ट्झऐवजी दोन-तीन हजार हर्ट्झवर असते.

आता यातला मुद्दा पाहा. ते ३ ओहमदेखील हिशेबात धरलेले असतात. कोणी त्या जागी ६ ओहमचा चोक बसवला, तर चोक "चांगल्या कंपनीचा" असूनही रिलेवरचे व्होल्टेज बदलेल आणि सर्किट पुन्हा जुळवावे लागेल. ही शिस्त आपण रुळांवर पाळतो. घरच्या स्पीकरच्या बाबतीत मात्र जाडजूड आणि चकचकीत दिसले की चांगले, असे मानून मोकळे होतो.

थोडे आकडे

समजा स्पीकर ८ ओहमचा आहे आणि वाट बदलण्याची जागा २,५०० हर्ट्झ आहे. अगदी साध्या, म्हणजे फर्स्ट ऑर्डर जोडणीत वूफरच्या वाटेत सुमारे ०.५१ मिलीहेन्रीचा चोक लागतो आणि ट्विटरच्या वाटेत सुमारे ८ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर. हा चोक २,५०० हर्ट्झला ८ ओहम अडवतो, २५० हर्ट्झला ०.८ ओहम आणि १०,००० हर्ट्झला ३२ ओहम. म्हणजे खर्जाला मोकळी वाट आणि वरच्या स्वरांना उंच भिंत.

पण पुस्तकी सूत्र इथेच थांबते. ८ ओहमचा स्पीकर सगळीकडे ८ ओहमचा नसतो. मीटर लावला तर डी.सी. रोध साधारण ६ ओहमच्या आसपास दिसतो. चालू असताना कंपनसंख्येप्रमाणे तो कुठे ७, कुठे १५, तर खर्जाच्या अनुनादापाशी त्याहून बराच वर जातो. शिवाय वूफर आणि ट्विटर यांचा जोर सारखा नसतो. कारखान्यातला इंजिनिअर हे सगळे मोजून आणि ऐकून चोक व कंडेन्सर ठरवतो. म्हणून आतल्या पट्टीवर दीड मिलीहेन्री लिहिले असेल आणि आपल्या सूत्रात एक येत असेल, तर कारखान्याची चूक सापडली असे समजू नये. मूळ मूल्य हेच प्रमाण धरावे.

एका घरची गोष्ट

आमच्या ओळखीच्या एका निवृत्त सहकाऱ्यांकडे आठ इंची वूफरचे जुने टू-वे स्पीकर आहेत. त्यांच्या पत्नी भजने गात. घरीच टेपरेकॉर्डरवर भरलेल्या दोन-तीन कॅसेट आहेत. बाई आता नाहीत. संध्याकाळी दिवा लावल्यावर कॅसेटची एक बाजू ऐकायची, असा काकांचा नेम आहे. कोणीतरी सांगितले म्हणून त्यांनी एका दुकानात क्रॉसओव्हर "अपग्रेड" करून घेतला. लोखंडी गाभ्याचे जुने चोक काढून हवेच्या गाभ्याचे नवे घातले, इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर काढून फिल्मचे घातले. दुकानदार म्हणाला, "आता डिजिटल क्लॅरिटी आली." काका म्हणाले, "क्लॅरिटी आली असेल, पण हिचा आवाज नाही राहिला." स, श, च ही अक्षरे टोचू लागली होती आणि आवाजातली ऊब गेली होती. काकांना वाटले, आपलेच कान गेले.

कान गेलेले नव्हते. जुने भाग त्यांनी पिशवीत जपून ठेवले होते, त्यामुळे मोजता आले. जुना चोक दीड मिलीहेन्रीचा, रोध ०.३ ओहम. नवा चोकही दीड मिलीहेन्रीचाच, पण पाऊण मिलिमीटरहूनही बारीक तारेचा, रोध १.३ ओहम. ८ ओहमच्या वूफरच्या वाटेत १ ओहम वाढला की त्याचा आवाज सुमारे १ डेसिबलने उतरतो. शिवाय अँप्लिफायरची वूफरवरची पकड सैल होते आणि खर्ज थोडा ढिला वाटतो. दुसरीकडे, जुन्या कंडेन्सरचा अंतर्गत रोध सुकत सुकत १ ओहमवर गेला होता. नव्या फिल्म कंडेन्सरचा जवळजवळ शून्य. म्हणजे ट्विटर सुमारे १ डेसिबलने चढला. एक उतरला, एक चढला, दोघांत २ डेसिबलचा फरक पडला. एखाद्या ठिकाणी २ डेसिबल कळणारही नाहीत. पण वरचा अख्खा पट्टा २ डेसिबलने उचलला गेला, तर ओळखीचा माणूस अनोळखी वाटू लागतो.

इलाज स्वस्त होता. जुने चोक परत बसवले, त्यांना काहीच झाले नव्हते. फिल्म कंडेन्सर ठेवले, कारण जुने खरोखरच सुकले होते. मात्र त्यांच्या मालिकेत एक छोटा रेझिस्टर घातला. इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर नवा असतानाही त्याला थोडा रोध असतोच आणि कारखान्याने तो धरलेला असतो. १ ओहम लावून ऐकले, मग ०.४७ ओहम लावून ऐकले. काकांनी ०.४७वर मान डोलावली. दोन रेझिस्टरचा खर्च चहा-भज्यांपेक्षा कमी झाला.

या उदाहरणात एकही भाग वाईट नव्हता. हवेच्या गाभ्याचा चोक वाईट नसतो, फिल्म कंडेन्सर तर उत्तमच. फक्त कोणी रोध मोजला नव्हता.

चोक निवडताना

पहिली गोष्ट मूल्य. ते मूळ मूल्याच्या ५ टक्क्यांच्या आत असावे. डाव्या आणि उजव्या स्पीकरचे चोक एकमेकांशी त्याहून जवळचे असावेत.

दुसरी गोष्ट रोध. मूळ चोकचा रोध मोजून नवा त्याच्या जवळपास घ्यावा. साध्या मल्टिमीटरने मोजताना आधी दोन्ही पिना एकमेकींना टेकवून येणारा आकडा लिहावा आणि तो वजा करावा, नाहीतर मीटरच्या वायरींचाच रोध मोजला जातो. रोध जास्त झाला तर काय होते ते वर आले. फार कमी झाला तरी हिशेब बदलतो. मूळ १ ओहम असताना ०.२ ओहमचा भारी चोक घातला, तर वूफर चढतो, खर्ज घट्ट पण थोडा कोरडा होतो. ते आवडले तर ठेवा. नाही आवडले तर फरकाएवढा रेझिस्टर मालिकेत घाला. ट्विटरला समांतर असलेल्या छोट्या चोकसाठी मात्र जाड तारेचा हट्ट नको. तिथे कंडेन्सरने खर्ज आधीच अडवलेला असतो, मूळ रोधाच्या जवळपास राहिले की पुरते.

तारेच्या जाडीचा अंदाज यावा म्हणून १ मिलीहेन्रीच्या हवेच्या गाभ्याच्या चोकचे साधारण आकडे देतो. अर्धा मिलिमीटर तार, म्हणजे २५ गेज, घेतली तर सुमारे १७ मीटर लागते आणि रोध दीड ओहम येतो. १ मिलिमीटर, म्हणजे १९ गेज, घेतली तर २२ मीटर आणि अर्धा ओहम. दीड मिलिमीटर घेतली तर २६-२७ मीटर आणि पाव ओहम. काकांचा दीड मिलीहेन्रीचा चोक हवेच्या गाभ्यात आणि ०.३ ओहमच्या आसपास हवा असता, तर अर्ध्या किलोहून थोडे जास्त तांबे लागले असते. म्हणून कारखाने लोखंडी गाभा वापरतात. गाभ्यामुळे कमी वेढ्यांत तेच मूल्य मिळते, त्यामुळे तांबे कमी आणि रोधही कमी.

तिसरी गोष्ट गाभा. "लोखंडी गाभा म्हणजे हलका माल" हा समज पसरला आहे, तो अर्धाच खरा आहे. लोखंडाला किंवा फेराइटला चुंबकत्व साठवण्याची मर्यादा असते. छोट्या गाभ्यातून मोठा करंट गेला की तो भरून जातो, चोकचे मूल्य अचानक पडते आणि आवाज फाटतो. हवेच्या गाभ्याला ही मर्यादा नाही. पण गाभा पुरेसा मोठा, पातळ पट्ट्यांचा आणि हवेची फट ठेवलेला असेल, तर घरगुती आवाजात तो मर्यादेपर्यंत पोहोचतच नाही. बी.बी.सी.च्या इंजिनिअरांनी १९७०च्या दशकात प्रक्षेपण व्हॅनसाठी एल.एस. ३/५ ए हा छोटा स्पीकर तयार केला. मानवी आवाज खरा उमटतो म्हणून आजही त्याचे नाव घेतले जाते. त्याच्या क्रॉसओव्हरमध्ये लोखंडी पट्ट्यांच्या गाभ्याचेच चोक होते. तेव्हा सूत्र असे ठेवावे: ट्विटरजवळच्या छोट्या मूल्यांना हवेचा गाभा, ३ मिलीहेन्रीच्या पुढच्या मोठ्या मूल्यांना चांगला लोखंडी गाभा, आणि मधल्या जागी कारखान्याने जे वापरले असेल ते.

चौथी गोष्ट जाहिरातीची. तांब्याच्या पट्टीचे महागडे चोक "स्किन इफेक्ट"च्या नावावर विकले जातात. करंट वाढत्या कंपनसंख्येला तारेच्या पृष्ठभागाकडे सरकतो, हे खरे. पण तांब्यात ही खोली २,५०० हर्ट्झला सुमारे १.३ मिलिमीटर असते. १ मिलिमीटर जाड तारेची त्रिज्या अर्धा मिलिमीटर. म्हणजे वूफरच्या पट्ट्यात सगळी तार कामाला लागलेलीच असते. २०,००० हर्ट्झला ती खोली अर्ध्या मिलिमीटरच्या खाली येते, पण तिथे वूफरचा चोक अडवण्याच्याच कामावर असतो. त्यासाठी दहापट पैसे देऊ नयेत.

घरी चोक गुंडाळायचा असेल तर

आपल्याकडे अण्णा सालईलगतच्या रिची स्ट्रीटवर इलेक्ट्रॉनिक्सचे बहुतेक सुटे भाग मिळतात. मुंबईकरांसाठी सांगतो, ती इथली लॅमिंग्टन रोड. हवे त्या मूल्याचा चोक मात्र नेहमी मिळेलच असे नाही. तेव्हा मोटार आणि पंखे रिवाइंड करणाऱ्यांकडून इनॅमलची तार वजनावर आणावी. एक टोक खरवडून आतला रंग पाहावा. बाहेरून तांबे आणि आतून पांढरी असेल तर ती अॅल्युमिनियम आहे. तिचा रोध त्याच जाडीच्या तांब्याच्या सुमारे दीडपटीहून अधिक असतो.

गुंडाळीचा आकार कसाही चालतो, पण कमीत कमी तारेत जास्तीत जास्त मूल्य मिळवण्याचा एक आकार ठरलेला आहे. ऑस्ट्रेलियाचे इंजिनिअर नेव्हिल थील यांनी १९७६ साली ऑडिओच्या कॉईलसाठी त्याचे गणित प्रसिद्ध केले. गुंडाळीचा छेद चौरस, आतला व्यास त्या चौरसाच्या बाजूच्या दुप्पट आणि बाहेरचा व्यास चौपट. १ मिलिमीटर तारेत १ मिलीहेन्री हवे असेल, तर १४ मिलिमीटर रुंदीचे आणि २८ मिलिमीटर आतल्या व्यासाचे रीळ करून साधारण १७० वेढे घ्यावेत. मी म्हणेन १८० घ्या आणि एल.सी.आर. मीटर लावून हळूहळू सोडत या. मूल्य वेढ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. वेढे १० टक्के कमी केले तर मूल्य १९ टक्के कमी होते, म्हणून शेवटी एकेक वेढाच सोडायचा. झाले की वार्निश लावून घट्ट बांधावे, सैल वेढे करंटबरोबर थरथरतात.

बसवताना दोन पथ्ये. दोन चोक शेजारी-शेजारी एकाच दिशेला ठेवू नयेत, कारण एकाचे चुंबकक्षेत्र दुसऱ्यात शिरते. अंतर ठेवावे आणि एक आडवा, एक उभा असा काटकोन करावा. आणि हवेच्या गाभ्याच्या चोकमधून लोखंडी बोल्ट घालू नये, मोजून आणलेले मूल्य त्या बोल्टने बदलते. पितळी स्क्रू किंवा प्लॅस्टिकचा पट्टा वापरावा.

कंडेन्सर

पंचवीस-तीस वर्षांच्या स्पीकरमध्ये सर्वांत आधी थकतो तो इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर. त्याच्या आतला द्रव चेन्नईच्या उकाड्यात हळूहळू सुकतो. मूल्य सरकते, रोध वाढतो. चोक मात्र गंजला किंवा तुटला नसेल तर पन्नास वर्षेही तसाच राहतो. म्हणून पैसे कमी असतील तर आधी कंडेन्सर बदला, चोकना हात लावू नका.

नवा कंडेन्सर पॉलिप्रॉपिलीन फिल्मचा घ्यावा. तो परदेशी असण्याची गरज नाही. आपल्या छताच्या पंख्याचा कंडेन्सर बहुधा याच जातीचा असतो, ४४० व्होल्ट ए.सी.चा. २.५, ३.१५, ४ मायक्रोफॅरड अशा मूल्यांत तो कोपऱ्यावरच्या इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळतो. ४चे दोन समांतर जोडले की ८ झाले. मात्र नवाच घ्या. पंखा मंद झाला म्हणून काढलेला कंडेन्सर मूल्य घटल्यामुळेच काढलेला असतो.

व्होल्टेजच्या आकड्याला भुलू नका. ८ ओहमवर १०० वॅट म्हणजे सुमारे २८ व्होल्ट, शिखराला ४०. घरी १०० व्होल्टचा कंडेन्सर भरपूर झाला. आणि रेडिओ दुरुस्तीतला अधिक-उणे खूण असलेला साधा इलेक्ट्रोलिटिक इथे एकटा कधीही चालत नाही, कारण स्पीकरला जाणारा करंट दोन्ही दिशांनी वाहतो.

रेझिस्टरबद्दल एवढेच, की पांढऱ्या सिमेंटचे ५ किंवा १० वॅटचे घ्यावेत आणि लाकडाला किंवा कंडेन्सरला चिकटवून बसवू नयेत. ते तापतात.

खर्च करण्यापूर्वी

क्रॉसओव्हर उघडण्याआधी चार गोष्टी पाहाव्यात. वूफरच्या कडेचा फोम बोटाने हलके दाबून पाहा, आपल्या समुद्रकाठच्या दमट हवेत तो भुसभुशीत होऊन गळतो. तो गेला असेल तर क्रॉसओव्हर बदलून काही होणार नाही. मागचे टर्मिनल आणि आतल्या दाबून बसवलेल्या क्लिपा हिरव्या पडल्या असतील तर घासून साफ करा. दोन्ही स्पीकरचे अधिक-उणे एकाच पद्धतीने जोडले आहेत का ते तपासा, एक उलटा असेल तर खर्ज नाहीसा होतो. आणि स्पीकर भिंतीच्या कोपऱ्यात कोंबलेले असतील तर हातभर पुढे ओढा. यातल्या एकाही गोष्टीला पैसा लागत नाही.

मग पट्टी काढा. काढण्यापूर्वी मोबाइलवर फोटो घ्या आणि कागदावर जोडणीचे चित्र काढा. एका वेळी एकाच स्पीकरमध्ये बदल करा, दुसरा मूळ स्थितीत ठेवा. अँप्लिफायरला जोडण्याआधी स्पीकरच्या टर्मिनलवर मीटर लावा. ८ ओहमच्या स्पीकरला साधारण ६ ते ७ ओहम दिसले पाहिजेत. शून्याजवळ दिसले तर कुठेतरी शॉर्ट आहे, तसेच लावले तर अँप्लिफायर जाईल. मग मोनोवर एकच गाणे दोन्ही स्पीकरमधून आळीपाळीने ऐका, आवाजाची पातळी सारखी ठेवून. कॅसेट किंवा सी.डी. ओळखीच्या गळ्याची असावी. पं. भीमसेन जोशी यांचा अभंग असो की घरच्या कोणाचा आवाज, तो कसा लागतो हे आपल्या कानाला आधीच माहीत असते. कोणता स्पीकर बदललेला आहे हे घरच्यांना सांगू नका. पैसे खर्च केलेल्या माणसाला नेहमी नवाच चांगला वाटतो, घरच्यांना ती अडचण नसते. त्यांचा कौल पडला की मग दुसऱ्या स्पीकरला हात घाला. काढलेले भाग फेकू नका, पाकिटात घालून खोक्याच्या आतच चिकटवून ठेवा. काकांनी पिशवी जपली नसती, तर त्यांचा आवाज परत आणायला पुष्कळ अवघड गेले असते.

मित्रहो, जुने ते सोने असे मी म्हणत नाही. काही जुने स्पीकर खरोखर टाकण्याच्याच लायकीचे असतात आणि आजचे छोटे खोके बऱ्यापैकी वाजतात. माझे म्हणणे इतकेच, की निर्णय मोजून घ्यावा. रुळांवर आपण न मोजता काही बदलत नाही, कारण तिथे माणसांचे जीव असतात. घरच्या स्पीकरमध्ये जीव जात नाही, पण एखाद्या घरात गेलेल्या माणसाचा आवाज तेवढ्याच एका खोक्यातून येत असतो. त्याला हात लावताना तितकीच काळजी घ्यावी.

आपण गणपतीचेही विसर्जन उत्तरपूजेशिवाय करत नाही. स्पीकरची उत्तरपूजा म्हणजे मीटर, कागद आणि पेन्सिल. ती झाली की ठेवायचे की विसर्जन करायचे, ते आपोआप ठरेल. आरतीनंतर मी एल.सी.आर. मीटर घेऊन मागच्या टेबलाशी बसणार आहे. कोणाला चोक किंवा कंडेन्सर मोजून घ्यायचा असेल त्यांनी जरूर यावे, आणि सोबत जुना भागही आणावा.



गणपती बाप्पा मोरया!